रेघ कोठून निघाली?

पेन्सिल घ्या आणि कोऱ्या कागदावर उजवीकडच्या वरच्या बाजूने डावीकडे खाली अशी एक तिरपी, किंचित वाकलेली रेघ ओढा. तिच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूस, एक आखूड रेघ द्या. आता शेजारी तेच चित्र पुन्हा काढा. पण या वेळी लांब रेघ डावीकडे खालून सुरू करा आणि उजवीकडे वर न्या. दोन्ही चित्रे जवळजवळ सारखी दिसतात की नाही? तुमच्या-माझ्या दृष्टीने ती एकच. जपानमधला सहा वर्षांचा मुलगा मात्र पहिले चित्र 'सो' असे वाचील आणि दुसरे 'न्' असे! आकृती तीच, रेघा दोनच. फरक आहे तो रेघ कोठून निघाली आणि कोठे संपली याचा.

हे वाचून 'काय ही विचित्र लिपी!' असे म्हणण्याची घाई करू नका. आपल्या घरातही असा प्रकार आहे. 'खापा' हे नागपूर जिल्ह्यातल्या कन्हान नदीकाठच्या गावाचे नाव घाईघाईने, अक्षर नीट न जोडता लिहून पाहा. ते 'रवापा' असे वाचले जाईल. 'ख' आणि 'रव' यांचा हा घोळ इतका जुना आहे की, छापील 'ख'चा खालचा पाय पुढच्या काडीला जोडून घेण्याची सुधारणा मुद्दाम करावी लागली. प्रत्येक लिपीत अशा फसव्या जागा असतात. त्या का निर्माण होतात आणि हात त्या कशा ओळखतो, हे आज जपानी 'काताकाना' लिपीच्या निमित्ताने पाहू.

तुकड्यांची लिपी

जपानी लेखनात तीन प्रकारची चिन्हे एकत्र नांदतात. पहिली 'कांजी', म्हणजे चीनमधून आलेली अर्थदर्शक चिन्हे. ती हजारोंनी आहेत. दुसरी 'हिरागाना' आणि तिसरी 'काताकाना'. या दोन्ही ध्वनिदर्शक आहेत. प्रत्येकीत आज ४६ मूळ चिन्हे वापरात आहेत आणि बहुतेक प्रत्येक चिन्ह म्हणजे एक पूर्ण अक्षर असते: का, कि, कु, के, को. आपल्याप्रमाणे व्यंजनाला काना-मात्रा लावण्याची सोय तिथे नाही. प्रत्येकासाठी वेगळे चिन्ह.

'काता' म्हणजे तुकडा, एखाद्या पूर्ण वस्तूचा भाग. नाव सार्थ आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या सुरुवातीला नारा येथील बौद्ध मठांत भिक्षू चिनी भाषेतले धर्मग्रंथ अभ्यासत. गुरू अर्थ सांगे आणि शिष्य ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उच्चार व प्रत्यय टिपून घेत. जागा थोडी, वेळ त्याहून थोडा. वर्गात शिक्षक भराभर बोलत असताना तुम्ही टिपणे घेता तेव्हा काय करता? शब्द तोडता. भिक्षूंनीही तेच केले. पूर्ण चिनी चिन्ह लिहिण्याऐवजी त्याचा एक कोपरा तेवढा लिहिला. 'बेरीज करणे' या अर्थाच्या एका चिन्हाचा उच्चार 'का' होता. त्याचा डावा अर्धा भाग उचलला, तो झाला काताकानातला 'का'. दुसऱ्या एका चिन्हाच्या डाव्या बाजूच्या दोन रेघा उचलल्या, झाला 'इ'. दोन आकड्याच्या दोन आडव्या रेघा म्हणजे 'नि', तीन आकड्याच्या तीन रेघा म्हणजे 'मि', आणि आठ आकड्याच्या दोन फाकलेल्या रेघा म्हणजे 'हा'.

आपणही हे रोज करतो. पत्रावर 'मु. पो. खापा, ता. सावनेर, जि. नागपूर' असे लिहितो तेव्हा मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा या शब्दांचे पहिले तुकडेच लिहितो ना? काताकाना हीच युक्ती शब्दाऐवजी चिन्हावर करते.

हिरागानाची युक्ती वेगळी. तिने चिन्ह तोडले नाही, तर वेगाने, वळणे घेत लिहून ते पूर्णच्या पूर्ण वितळवले. मोडी लिपी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. बोरू फारसा न उचलता पळवल्यावर अक्षरांचे कोपरे झिजतात आणि गोलाई येते. म्हणून हिरागाना वळणदार दिसते, तर काताकाना टोकदार.

बाराखडीचा जपानमधील पत्ता

आता जपानी मुलगा आपली मुळाक्षरे कोणत्या क्रमाने घोकतो ते ऐका: आ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. कानाला ओळखीचे वाटते ना? वाटणारच. या तक्त्याला जपानी भाषेत 'पन्नास ध्वनी' या अर्थाचे नाव आहे आणि त्याची मांडणी संस्कृत वर्णमालेवरून झालेली आहे.

ही वर्णमाला तिकडे पोचली ती बौद्ध धर्माबरोबर. भारतातून निघालेला बोधिसेन नावाचा भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोचला. ७५२ मध्ये नारा येथील तोदाइ-जी मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हस्ते झाला. पुढे कूकाइ हा जपानी भिक्षू चीनमध्ये शिकून ८०६ मध्ये परतला. येताना त्याने 'सिद्धम्' लिपीतले मंत्र व ग्रंथ आणले. सिद्धम् आणि देवनागरी या दोघी ब्राह्मीच्याच वंशातल्या. सिद्धम्‌चा अभ्यास जपानी मठांत शतकानुशतके चालू राहिला, आणि त्यातूनच कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने ध्वनी मांडण्याची आपली शास्त्रीय पद्धत जपानी भाषेने उचलली.

पण या तक्त्यात दोन गोष्टी खटकतात. क-वर्गानंतर च-वर्ग हवा, तिथे 'सा' आहे. त-वर्ग आणि त्याचे अनुनासिक 'ना' यांच्यानंतर प-वर्ग हवा, तिथे 'हा' बसला आहे. त्याच्यापुढे मात्र ओठांचे अनुनासिक 'मा' बरोबर जागेवर आहे. 'हा' तर कंठातून येतो. तो ओठांच्या शेजारी कसा?

इथे थांबून विचार करा. मांडणी करणारे भिक्षू उच्चारशास्त्रात कच्चे नव्हते. म्हणजे चूक मांडणीत नसावी. बदल ध्वनीत झाला असावा. आणखी एक पुरावा लिपीतच आहे. जपानीत 'का'ला वर दोन बारीक ठिपके दिले की 'गा' होतो, 'ता'चा 'दा' होतो. या नियमाने 'हा'ला ठिपके दिल्यावर 'बा' होतो! 'ब' हा तर 'प'चा जोडीदार. म्हणजे आजच्या 'हा'च्या जागी एके काळी 'पा' असला पाहिजे. जपानी भाषाशास्त्रज्ञ उएदा काझुतोशी यांनी १८९८ मध्ये याच विषयावर निबंध लिहिला, आणि हे मत आज सर्वमान्य आहे. 'सा'चा जुना उच्चारही 'च' किंवा 'त्स'च्या जवळचा होता, असे अभ्यासक मानतात. खडकातल्या जीवाश्मावरून जुना प्राणी ओळखावा, तसा हा तक्ता जुना उच्चार जपून बसला आहे; आणि तो ओळखण्याची किल्ली तुम्ही पहिलीतच पाठ केलेली आहे.

चार फसवी अक्षरे

आता हाताकडे वळू. काताकाना शिकणारा कोणताही परदेशी माणूस चार अक्षरांपाशी हमखास अडखळतो: 'शि', 'त्सु', 'सो' आणि 'न्'.

'सो' आणि 'न्' तुम्ही वर काढलेच आहेत. 'शि' आणि 'त्सु' या जोडीत दोन आखूड रेघा आणि एक लांब रेघ असते. फरक असा: 'शि'मध्ये दोन आखूड रेघा जवळजवळ आडव्या, एकीखाली एक अशा असतात. त्यांची डावी टोके एका उभ्या ओळीत येतात. मग लांब रेघ खालून निघून उजवीकडे वर जाते. 'त्सु'मध्ये दोन आखूड रेघा जवळजवळ उभ्या, शेजारी शेजारी असतात. त्यांची वरची टोके एका आडव्या ओळीत येतात. मग लांब रेघ त्याच ओळीतून, वरून निघून डावीकडे खाली येते. 'सो' हा 'त्सु'सारखा वागतो: आखूड रेघ उभी, लांब रेघ वरून खाली. 'न्' हा 'शि'सारखा: आखूड रेघ आडवी, लांब रेघ खालून वर.

नुसती चित्रे पाठ केली तर ही चार अक्षरे आठ दिवसांत पुन्हा एकमेकांत मिसळतात. हाताची चाल पाठ केली तर मिसळत नाहीत. कारण ही अक्षरे मुळात चित्रे नाहीतच; त्या हालचालींच्या खुणा आहेत.

मग वाचणाऱ्याला हालचाल कशी कळते? तो तर लिहिताना हजर नसतो! इथे पदार्थविज्ञान मदतीला येते. कुंचला कागदावर टेकतो तेव्हा तो क्षणभर स्थिर असतो आणि दाब वाढत असतो. केस पसरतात, शाई जास्त उतरते, रेघेचा आरंभ जाड होतो. झटक्याने रेघ संपवताना कुंचला पुढे सरकत असतानाच वर उचलला जातो. दाब कमी कमी होत जातो आणि रेघ निमुळती होते. पेन्सिलीचेही तसेच. दाब कमी झाला की घर्षण कमी होते, ग्राफाइट कमी झिजते आणि टोक फिकट पडते. म्हणून निमुळते, फिकट टोक म्हणजे रेघेचा शेवट. जपानी सुलेखनात रेघ संपवण्याच्या तीन तऱ्हा वेगळ्या शिकवतात: थांबून संपवणे, आकडा मारून संपवणे आणि झाडू फिरवल्यासारखी निसटती सोडणे. 'सो'ची लांब रेघ खाली निमुळती होते, 'न्'ची वर. वाचणारा नकळत हा पुरावा वाचतो.

बाष्पकोठीतील रेघ

हाच प्रश्न विज्ञानाच्या इतिहासात एकदा फार महत्त्वाचा ठरला. १९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन विश्वकिरणांचा अभ्यास करीत होते. त्यांच्या बाष्पकोठीत, म्हणजे संपृक्त वाफ भरलेल्या पेटीत, विद्युत्‌भारित कण शिरला की त्याच्या वाटेवर बारीक थेंब जमत आणि रेघ दिसे. पेटी चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली असल्याने रेघ वाकलेली असे. ऋणभारित कण एका बाजूला वळतो, धनभारित कण दुसऱ्या बाजूला.

अडचण अशी की, वरून खाली येणारा ऋण कण आणि खालून वर जाणारा धन कण यांच्या रेघा हुबेहूब सारख्या वाकतात! 'सो' आणि 'न्' यांचीच ही जोडी. रेघ कोठून निघाली हे कळल्याशिवाय कण कोणता ते सांगता येईना.

अँडरसन यांनी पेटीत मध्यभागी ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवलेला होता. पत्र्यातून जाताना कणाची ऊर्जा खर्च होते. ऊर्जा कमी झाली की तो अधिक वाकतो. २ ऑगस्ट १९३२ च्या छायाचित्रात पत्र्याखालची रेघ कमी वाकलेली आणि वरची रेघ जास्त वाकलेली दिसली. हिशोब केल्यावर ऊर्जा पत्र्याआधी ६ कोटी ३० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि पत्र्यानंतर २ कोटी ३० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट निघाली. म्हणजे कण खालून वर गेला होता. म्हणजे तो धनभारित होता. त्याने आक्रमलेले अंतर आणि रेघेची घनता पाहता तो प्रोटॉन असणे शक्य नव्हते. तो होता पॉझिट्रॉन, इलेक्ट्रॉनचा धनभारित भाऊ. या शोधाबद्दल अँडरसन यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिशाच्या पत्र्याने जे काम केले तेच काम कागदावर निमुळते टोक करते: ते रेघेची दिशा सांगते.

खाप्याचे मँगॅनीज आणि पोर्तुगीजांचा पाव

काताकाना आज कुठे वापरतात? मुख्यतः परक्या भाषांतून आलेले शब्द आणि परदेशी नावे लिहायला. तार जपानी लिपीत पाठवत तेव्हा ती काताकानातच पाठवत. १९६९ मध्ये जपानने संगणकासाठी पहिली प्रमाण संकेतावली ठरवली, तीतही स्थान मिळाले ते काताकानालाच. आठ द्विमान अंकांत २५६ संकेतच मावतात. हजारो कांजी तिथे बसणार कशा? काताकाना आणि तिची विरामचिन्हे मिळून ६३ संकेतांत भागले.

खाप्याजवळ गुमगावची मँगॅनीजची खाण आहे. या धातूला जपानीत 'मान्गान्' म्हणतात. शब्द जर्मन भाषेकडून आला म्हणून तो काताकानात लिहितात. त्यात चार चिन्हे येतात: मा, न्, गा, न्. 'न्'ची रेघ उलट दिशेने ओढलीत तर वाचणारा 'मासोगासो' वाचील आणि असा कोणता धातू याचा विचार करीत बसेल!

पावाला जपानीत 'पान्' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिकडे नेला. त्याच पोर्तुगीजांनी गोव्याकडून आपल्याला 'पाव' दिला. 'पाव' आणि 'पान्' ही एकाच घरची भावंडे, एक आपल्याकडे वाढले, एक जपानात. 'पान्' लिहायला दोनच चिन्हे लागतात आणि त्यातले दुसरे पुन्हा तेच फसवे 'न्'.

आता 'खापा' लिहू. जपानीत 'ख' नाही, म्हणून 'का' घ्यायचा. स्वर लांबवण्यासाठी त्याच्यापुढे एक आडवी रेघ. मग 'पा', म्हणजे 'हा'च्या डोक्यावर उजवीकडे छोटे वर्तुळ. पुन्हा आडवी रेघ. 'का'च्या दोन रेघा, आडवी एक, 'पा'च्या वर्तुळासह तीन, आडवी एक: एकूण सात वेळा पेन्सिल टेकवली की खापा तयार. 'नागपूर'चे होते ना, लांब रेघ, गु, पु, रु. शेवटचा 'र्' एकटा लिहिता येत नाही, म्हणून त्याला 'उ' चिकटतो. याच कारणाने 'क्लास'चा 'कुरासु' आणि 'मिल्क'चा 'मिरुकु' होतो. 'ल' नसल्याने त्याचे काम 'र'च करतो. देवनागरीत जोडाक्षर लिहिणे ही किती मोठी सोय आहे, हे दुसऱ्याच्या लिपीत आपले नाव लिहू लागल्यावर कळते.

हाताने लिहायचेच कशाला?

तुम्ही म्हणाल, आज फोनवर बोट लावले की अक्षर उमटते. मग गिरवत कोण बसतो? प्रश्न रास्त आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकता येते. १९८४ पासून घेतली जाणारी जपानी भाषेची आंतरराष्ट्रीय पात्रता परीक्षाही पुण्यात देता येते. त्या परीक्षेत उत्तरे पर्यायांतून निवडायची असतात. हाताने एकही अक्षर लिहावे लागत नाही. म्हणजे न लिहिताही प्रमाणपत्र मिळू शकते!

याचे उत्तर जपानमध्ये नाही, आपल्याच जुन्या पेट्यांत आहे. शतकानुशतके मराठी माणूस छापील किंवा पोथीतले बाळबोध वाची आणि हाताने मोडी लिही. मोडीत शिरोरेखा आधी ओळभर ओढून घेत आणि मग अक्षरे तिला टांगत. बाळबोधात आपण अगदी उलट करतो. १९५० च्या सुमारास शाळा व कचेऱ्यांतून मोडी गेली. लोकांनी ती लिहिणे थांबवले आणि एका पिढीत ती वाचणेही थांबले. आजही जमिनीचे, वाटण्यांचे, देण्याघेण्याचे मोडी कागद घराघरांत आणि दफ्तरखान्यांत पडून आहेत. भाषा आपलीच आहे, पण वाचणारा शोधावा लागतो. मोडीचे तक्ते छापलेले आहेत, अक्षरे कोणालाही पाहता येतात. तरी पळता हात कोठे वळला हे माहीत नसेल तर तक्ता समोर ठेवूनही दोन अक्षरे ओळखणे कठीण जाते. हात विसरला की डोळाही विसरतो.

म्हणून नवी लिपी शिका ती हाताने. खाप्याखालून वाहणारी कन्हान पुढे कामठीला जाते. त्या कामठीत जपानी देणगीतून उभारलेले ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर १९९९ पासून उभे आहे. जपान आपल्याला वाटतो तितका दूर नाही. आणि त्याची एक लिपी तर आपल्याच वर्णमालेच्या क्रमाने उभी आहे.

करून पाहा

१. चौकटीच्या वहीचे चार-चार चौकोन मिळून एक मोठा चौकोन करा. जपानी मुले अशाच चार भागांत विभागलेल्या चौकोनात गिरवतात. रेघ कोणत्या छोट्या चौकोनात सुरू होते व कोठे संपते ते त्यामुळे नेमके कळते.

२. तीन नियम पाळा: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ उभीच्या आधी. 'शि' आणि 'न्' यांची शेवटची रेघ हा पहिल्या नियमाचा अपवाद. तो मुद्दाम लक्षात ठेवा.

३. 'शि', 'त्सु', 'सो', 'न्' प्रत्येकी पाच वेळा, क्रम बदलून, भराभर लिहा. मग मित्राला भिंग द्या आणि फक्त टोकांकडे पाहून लांब रेघेची दिशा ओळखायला सांगा. वीसपैकी किती बरोबर आले ते मांडा. पेन्सिल, बॉलपेन आणि कुंचला वापरून हाच प्रयोग करा. कोणत्या साधनात दिशा सर्वांत स्पष्ट दिसते आणि का?

४. घरात किंवा शेजारी एखादा मोडी कागद असेल तर वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन तो पाहा. न वाचता, नुसते एवढेच शोधा: बोरू कोठे टेकला, कोठे उचलला, पुन्हा शाईत बुडवल्यावर रेघ कोठे गडद झाली. तेवढे सापडले की वाचनाची पहिली पायरी तुम्ही चढलात.